चित्रपुस्तक छापून घेतलं, त्या छापखान्याविषयी

छापखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं बजावलंय. "काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको ताई. फोन उचलायला माणूस नाही माझ्याकडे." पुण्यात नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला आहे. एक जुनं टू-कलर हायडेलबर्ग, म्हणजे एका खेपेत दोन रंग छापणारं मशीन, एक कटिंग मशीन आणि चार-पाच माणसं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, हौशी कवींचे संग्रह आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक, असा त्यांचा वर्षभराचा रतीब. मुलांची चित्रपुस्तकं ते क्वचित करतात. तरी माझं पुस्तक मी तिथे दिलं आणि पुढचंही तिथेच देणार आहे. का देणार ते सांगते, आणि डोकं कुठे फिरलं तेही सांगते.

पुस्तक ३२ पानांचं, चौकोनी, जलरंगातल्या चित्रांचं. मजकूर जेमतेम तीनशे शब्द. पाऊस संपला की फलटण-माणच्या बाजूचे मेंढपाळ कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात, त्यांच्यातल्या एका मुलीची वाटचाल. शब्द आणि चित्रं दोन्ही माझीच. ज्या प्रकाशकांना दाखवलं त्यांना चित्रं आवडली, पण "मजकूर वाढवा, पालक पैसे देताना शब्द बघतात" असं ऐकायला मिळालं. माधुरी पुरंदरेंनी इतकी वर्षं चित्र आणि शब्द दोन्ही स्वतः करून दाखवल्यावरही आपल्याकडे हे ऐकावं लागतं, याचं मला अजून नवल वाटतं. शब्द वाढवायचे नव्हते, म्हणून खिशात हात घातला.

दर तीन-चार ठिकाणांहून मागवले. शिवकाशीचा अर्थातच सगळ्यात कमी. तिथे पुस्तकं उत्तम छापतात, देशभरातले प्रकाशक तिकडे काम देतात, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण हजार प्रतींसाठी मी तमिळनाडूत जाऊन मशीनशेजारी उभी राहणार नव्हते, आणि मला उभं राहायचं होतं. इथे विचारलं तर मालक, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "उभ्या राहा की. चहा सांगतो. पण मशीनला हात लावायचा नाही."

पहिल्या भेटीत त्यांनी पेनड्राइव्ह घेतलाच नाही. "डमी कुठंय?" कोऱ्या कागदाला घड्या घालून त्यांनीच एक डमी केली, पेन्सिलीनं पान नंबर टाकले आणि कोणत्या पानावर कोणतं चित्र ते मला लिहायला लावलं. मग आकार विचारला. साडेआठ बाय साडेआठ इंच म्हटल्यावर भिंतीला टेकवलेला तेवीस-छत्तीस इंची एक रद्दी कागद ओढून जमिनीवर पसरला. साडेआठची चार पानं लांबीत बसतात, दोन रुंदीत बसतात, आणि वर पाचेक इंचांची पट्टी सबंध वाया जाते. "त्याच कागदात तुम्हाला साडेआठ बाय अकरा मिळतंय ताई. अडीच इंच उंची फुकट."

ही माहिती मला दुसऱ्या कुणी दिली नव्हती. बाकीच्यांनी चौकोनी आकार ऐकला आणि दर टाकला. मी चौकोनच ठेवला. कळप आडवा चालतो. पुस्तक उघडलं की सतरा इंच लांब आणि बुटकी अशी पट्टी मिळते, ती मला हवी होती, वर आणखी आभाळ नको होतं. पण मग त्या वाया जाणाऱ्या पट्टीचं काहीतरी करू असं ठरलं आणि तिच्यावर एक घडीची छोटी पुस्तिका छापून निघाली, नुसत्या मेंढरांची, शब्द नसलेली. प्रदर्शनात ती पुस्तकाबरोबर देते. मुलं आधी तीच उघडतात.

आता जरा रटाळ वाटेल असा भाग, पण स्वतःचं चित्रपुस्तक करणाऱ्यानं हा वाचावाच. त्यांचं मशीन लहान, त्यामुळे ३२ पानांचे आठ-आठ पानांचे चार फर्मे, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेले जुडगे. पुस्तक सेंटर पिनचं, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेलं, त्यामुळे फर्मे एकात एक बसतात. बाहेरच्या फर्म्यात १ ते ४ आणि २९ ते ३२, त्याच्या आत ५ ते ८ आणि २५ ते २८, असं आत आत जात शेवटी मधला १३ ते २०. याचा अर्थ असा की १२ आणि १३ ही पानं वाचणाऱ्याला शेजारी शेजारी दिसली तरी छापताना ती वेगळ्या कागदांवर असतात, कदाचित वेगळ्या दिवशी छापलेली. ४-५ चं तेच, ८-९ चंही तेच. सबंध पुस्तकात खऱ्या अर्थानं सलग असतात फक्त मधली दोन, १६ आणि १७.

आणि माझं नदी ओलांडण्याचं चित्र, पुस्तकातलं सगळ्यात मोठं, होतं नेमकं १२-१३ वर. काकांनी डमीवर बोट ठेवलं. "इथे पाण्याचा निळा डावीकडे एक आणि उजवीकडे एक येईल. आम्ही जुळवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही." घरी जाऊन दोन दिवस चिडचिड केली. शेवटी नदी १६-१७ वर नेली. आधीची चार पानं मोकळी पडली, तिथे काय करायचं? कळप काठावर थांबलाय, पाणी उतरायची वाट बघतोय, असं काढलं. त्या चार पानांवर एक शब्द नाही. शेवटाकडची चार पानं तेवढ्यासाठी काढून टाकली, आणि तिथे मी गोष्टीचं तात्पर्य सांगत बसले होते, तेव्हा ती गेली ते बरंच झालं. मला संपादक नव्हता. ते काम एका छापखानेवाल्यानं कागदाच्या घडीवरून केलं.

फाइलच्या बाबतीत सावध राहा. त्यांचा डीटीपीवाला पोरगा श्रीलिपीत, म्हणजे देवनागरी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, वाढलेला. हाताला वेग विलक्षण, पण युनिकोड मजकूर दिसला की त्याला तो "सुधारावासा" वाटतो. माझ्या पहिल्या प्रूफात ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या मागे जाऊन बसल्या होत्या आणि जोडाक्षरं फुटली होती. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो, तो त्याच्याकडे लावलेला नव्हता. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मजकूर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून, पीडीएफ द्या आणि मूळ फाइल देऊच नका.

उलट मजकुराच्या रंगाबद्दल काकांनी जे सांगितलं ते सोन्यासारखं. अक्षर नुसत्या काळ्याचं ठेवा, शंभर टक्के काळा, त्यात दुसरा कुठलाही रंग नको. चार रंगांचा काळा केला आणि कागद केसभर सरकला की शिरोरेखेला लाल-निळी किनार येते, आणि पहिलीतलं पोर अनुस्वार कुठला नि डाग कुठला ते शोधत बसतं. शिवाय उद्या कोकणीत किंवा हिंदीत काढायचं झालं तर फक्त काळ्याची प्लेट बदलायची, बाकी तिन्ही प्लेटा तशाच राहतात. रात्रीच्या पानावर मी गडद निळ्यात पांढरी अक्षरं टाकली होती, तीही त्यांनी काढायला लावली. बारीक मात्रा शाईनं भरतात म्हणे. मजकूर चंद्राच्या उजेडाच्या पट्ट्यात हलवला आणि काळाच ठेवला.

आता मशीन. टू-कलर असल्यामुळे प्रत्येक बाजू दोनदा जाते. आधी काळा-निळा, तो वाळला की लाल-पिवळा. चार रंग एकदम टाकणाऱ्या मशीनवर ही भानगड नाही. इथे मधल्या वेळात कागद हवा खातो, आणि आमचं काम चाललं जुलैमध्ये. आर्ट पेपर झाला तरी कागदच. दमट हवेत तो किंचित वाढतो, आणि मग दुसऱ्या खेपेचे रंग पहिल्यावर तंतोतंत बसत नाहीत. रात्री त्यांनी गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले, पंखे बंद केले, तरी सकाळच्या पहिल्या कागदांवर थोडं सरकलेलं होतंच.

ते कळलं कशावरून, तर कोकरावरून. माझ्या पुस्तकात एक लंगडं कोकरू आहे. मजकुरात त्याचा उल्लेख कुठेही नाही, पण प्रत्येक चित्रात ते कुठेतरी आहे, अंगठ्याच्या नखाएवढं. त्याचा डोळा म्हणजे एक ठिपका. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललं की त्या ठिपक्याचे दोन होतात. कोपऱ्यातल्या खुणा बघायला मशीनवरच्या दादांकडे भिंग असतंच, पण मी प्रत्येक वेळी कोकराचा डोळा बघते हे त्यांच्या लक्षात आलं. मग तेच विचारायला लागले, "कोकरू बघा ओ ताई, झालं का बरोबर?" एकदा मी "चालेल" म्हटलं आणि त्यांनीच मशीन थांबवलं. "नाय चालत. तिरळं दिसतंय."

या छापखान्याला मी जे काही गुण देते ते मुख्यतः या माणसासाठी.

मात्र त्यांच्याशी माझं भांडणही झालं. माझ्या पुस्तकातली मुलगी सावळी आहे. उन्हात चालणारी, रापलेली. छपाईत तपकिरी रंग फार खोडकर, कारण तो चारही शायांच्या मिश्रणातून येतो. लाल जरा चढला की चेहरा विटकरी, निळा चढला की आजारी. दादांनी दुसऱ्या खेपेच्या पहिल्या कागदावर लाल उतरवला आणि समाधानानं माझ्यापुढे धरलं. "चेहरा उजळ केलाय थोडा. छान दिसतंय ना?" वाईट हेतू अजिबात नव्हता. त्यांच्या हातून आयुष्यभर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सचे नमुने गेलेले. चेहरा आला की उजळ करायचा, हे हाताला वळण लागलेलं. मी म्हटलं, "दादा, ती दिवसभर उन्हात चालते." ते म्हणाले, "पण हिरोइन आहे ना?" मी माझं मूळ चित्र आणि त्यांचा कागद दारातल्या उजेडात शेजारी शेजारी धरले. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचाच नाही, हे तेव्हा दोघांनीही मान्य केलं. पुन्हा शाई चढली. त्या सबंध फर्म्याला सकाळ गेली. पुढच्या फर्म्यांना मात्र त्यांनी मला न विचारता चेहरा बरोबर आणला.

काही रंग मात्र हरवलेच. मूळ चित्रात ओढ्याकाठच्या गवताचा पोपटी आहे, तो चार शायांत येत नाही. कितीही डोकं आपटा, जरा मळकटच उतरतो. मुलीच्या परकराचा राणी रंगही थोडा बसला. यात छापखान्याचा दोष नाही. जलरंगात काम करणाऱ्यांनी स्कॅन झाल्यावर स्क्रीनवरच्या झगमगाटावर विश्वास ठेवू नये, एवढंच म्हणेन. आणि डिजिटल प्रूफ बघून सही केली तरी ऑफसेटचा, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईचा, रंग वेगळाच येतो, तेही धरून चाला.

घोंगडीच्या पानाची एक गोष्ट राहिली. रात्रीचं चित्र, आई-मुलगी एका काळ्या घोंगडीत. तो काळा दाट यावा म्हणून मी चारही रंग भरपूर चढवले होते. इतकी शाई वाळेना, आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीवर घोंगडी उमटायला लागली. पावडर मारून, छोटे छोटे गठ्ठे करून निभावलं. तरी काही कागद वाया गेले. काकांनी वेस्टेजसाठी जास्तीचा कागद आधीच धरला होता, म्हणून प्रती कमी पडल्या नाहीत.

बाइंडिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते नीट झालं. १३० जीएसएम (कागदाचं वजन, म्हणजे साधारण जाडी) मॅट आर्टची पानं, ३०० चं कव्हर. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे कण्याला गोंदानं चिकटवलेली पानं, नको, हे माझं आधीच ठरलं होतं. मुलं पुस्तक उलटं दुमडून धरतात, आणि मग पानं सुटी होऊन हातात येतात. पिनांची टोकं आत नीट दाबलेली आहेत का, एवढं प्रत्येक गठ्ठ्यातलं एखादं पुस्तक काढून बोटानं बघा. कव्हरला मला मॅट लॅमिनेशन हवं होतं, दिसायला भारी म्हणून. काकांनी ग्लॉस, म्हणजे चकचकीत, लावायला सांगितलं. "वरणभाताचा हात लागला तर पुसता येतो." ग्लॉसच लावलं. लॅमिनेशन ते बाहेर करून घेतात आणि तिथून आलेल्या काही कव्हरांवर बुडबुडे होते; तेवढी कव्हरं बदलून मिळाली, पण चार वेळा आठवण केल्यावर.

तक्रारींवर आलेच आहे तर उरलेल्याही सांगते. लेखी कोटेशन मागितलं तर पाकिटाच्या पाठीवर मिळतं. फोन उचलत नाहीत, हे त्यांनीच कबूल केलंय. दिलेली तारीख म्हणजे इच्छा समजायची. मी काम जूनअखेर दिलं म्हणून सुटले; गणपती जवळ आले की तिथे दिवाळी अंकांचे गठ्ठे जिन्यापर्यंत येतात आणि मग तुमचं चित्रपुस्तक कुठल्या फळीवर गेलं ते देवाला माहीत. निवडणूक लागली तर विचारूच नका. आणि बसायला जागा नाही. एक स्टूल आहे, त्यावर मांजर असतं.

पैशांचा हिशेब, कारण लोक खासगीत हेच विचारतात. हजार प्रती, कागद-छपाई-लॅमिनेशन-बाइंडिंग मिळून प्रतीमागे साधारण ७० रुपये पडले. किंमत ठेवली २०० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के दिले की हातात १२० येतात. त्यातून छपाई वजा, कुरिअर वजा, भेट दिलेल्या प्रती वजा. मुलांच्या चित्रपुस्तकावर जीएसटी नाही हे खरं, पण छपाईच्या बिलावर भरलेला कुठे वळता होत नाही, तो आपल्याच अंगावर. जवळजवळ वर्षभर चित्रं काढली, त्याची मजुरी या हिशेबात धरायला गेले तर बेरीजच बिघडते, म्हणून धरत नाही. आणि स्टॉलवर उभं राहिलं की ऐकायचं, "एका पानावर दोनच ओळी? आणि दोनशे रुपये?" सोबतचं मूल तोवर पाचव्या पानावर पोचलेलं असतं.

तेच सगळ्यात मजेचं आहे. मोठी माणसं ओळी वाचतात आणि पान उलटतात, त्यांना लंगडं कोकरू दिसतच नाही. मुलांना दिसतं. सांगलीजवळच्या एका वाचनालयात वाचून दाखवत होते तेव्हा पुढे बसलेल्या एका मुलीनं मला थांबवलं आणि पान मागे घ्यायला लावलं. नदीच्या पानावर कोकरू कुणाच्या खांद्यावर आहे ते तिला बघायचं होतं. मग मागच्या सगळ्या पानांवर शोधणं सुरू झालं, गोष्ट राहिली बाजूला. डोळा एकच होता सगळीकडे, हेही मी बघून घेतलं.

कुणी इथे जावं? ज्याला पाचशे ते दीड-दोन हजार प्रती हव्यात, ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला मशीनशेजारी उभं राहून वाद घालायची तयारी आहे, त्यानं. पन्नास-शंभर प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्चच वसूल होत नाही. गोष्ट मुलांपर्यंत पोचावी इतकंच मनात असेल आणि कागदाचा हट्ट नसेल, तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे खुल्या परवान्यातली चित्रं घेऊन मराठीत गोष्ट करता येते, दुसऱ्याची भाषांतरित करता येते, पैसे लागत नाहीत.

आणि अगदी तान्ह्यांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कोपऱ्यांचं पुस्तक करायचं असेल तर इथे नकोच. डाय कटिंग, म्हणजे साच्यानं आकार कापणं, त्यांच्याकडे नाही, ते बाहेर पाठवतात, आणि बाहेरून बिघडून आलं की ते लॅमिनेशनवाल्याकडे बोट दाखवतात, तो पुठ्ठेवाल्याकडे. माझ्या पुढच्या पुस्तकाला पुठ्ठा लागत नाही. काकांना डमी दाखवून आले; या वेळी घडी मीच घालून नेली होती. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, १२-१३ वर काय आहे ते विचारलं, आणि जूनमध्ये या म्हणाले.